बोलिंगचा वाढदिवस पार्किंगमध्ये करायचाय? मग लेन तीन करा

राजारामपुरीत अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा जुलैच्या शेवटच्या रविवारी आठ वर्षांचा होतोय आणि त्याला बोलिंगची, म्हणजे चेंडू जमिनीवरून सोडून समोर उभ्या केलेल्या पिना पाडायच्या खेळाची, पार्टी हवी आहे. वर्गातली आणि बिल्डिंगमधली मिळून सोळा मुलं येणार. त्यात पाहुण्यांची चार-पाच वर्षांची तिघं आणि बारा वर्षांची दोघं. गेम झोनला न्यावं, की खाली पार्किंगमध्येच करावं? आणि पार्किंगमध्ये करायचं तर नेमकं कसं?

ताई, पार्किंगमध्येच करा. कोल्हापुरात मुलांच्या वाढदिवसांची कामं मी बरीच वर्षं करते आहे, आणि बोलिंगची पार्टी मला मनापासून आवडते. पळण्यात मागे पडणारं, लाजरं, चष्मा लावणारं असं कोणतंही पोर हा खेळ पहिल्या पाच मिनिटांत खेळू शकतं. पण ही पार्टी एकाच गोष्टीवर तरते किंवा बुडते: मुलाला आपला नंबर यायला किती वेळ थांबावं लागतं. केक, फुगे, सजावट यांचा विचार त्यानंतर करा.

हिशेब सोपा आहे. एका मुलाचे दोन चेंडू, मग पिना उचलून परत लावणं, पुढच्याला रेषेवर आणणं, यात मिनिट सहज जातं. एका लेनवर, म्हणजे चेंडू सोडायच्या एकाच पट्ट्यावर, सोळा मुलं उभी केलीत तर प्रत्येकाचा नंबर पंधरा-सोळा मिनिटांनी येणार. आठ वर्षांचं पोर एवढा वेळ ओळीत उभं राहत नाही. आधी ढकलाढकली, मग गाड्यांच्या मागं लपाछपी, आणि मग खेळ एकीकडे नि पोरं दुसरीकडे. तेच तीन लेन केल्या तर लेनमागे पाच-सहा मुलं येतात. त्यातलं एक रेषेवर, दोघं पिना लावायला, एक गुण लिहायला. रिकामं राहतं एखाद-दुसरं, आणि तेही चार-पाच मिनिटांसाठीच.

पिना लावण्याचं काम मोठ्यांनी करायचं नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मामा-काका हौसेनं पुढं येतात आणि पोरांचं निम्मं सुख काढून घेतात. १९५० च्या दशकात पिना लावणारी यंत्रं सर्रास येईपर्यंत अमेरिकेत हे काम मुलंच हातानं करायची, ‘पिनबॉय’ म्हणून त्यांना मजुरी मिळायची. आपल्याकडची पोरं ते फुकट करायला भांडतात. “काकी, मी लावतो की! ह्यानं दोनदा लावल्या,” हे वाक्य मी प्रत्येक पार्टीत ऐकते. म्हणून पाळी ठरवून द्या: चेंडू टाकून झाला की तो पिनांकडे जाईल, पिनांकडचा गुण लिहायला येईल, गुण लिहिणारा ओळीत.

आता पिना. खऱ्या पिनची उंची ३८ सेंटिमीटर आणि वजन साधारण दीड किलो असतं. आपल्याला एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या पुरतात. तीन लेनना तीस, आणि चार जादा. सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या घ्या. वेगवेगळ्या आकारांच्या बाटल्या वेगवेगळ्या तऱ्हेनं पडतात आणि मग ‘तुमच्या लेनवर सोप्या आहेत’ अशी भांडणं लागतात. पंधरा दिवस आधीपासून नातेवाइकांना बाटल्या ठेवायला सांगा. ओळखीच्या कार्यालयात जेवणावळ असेल तर तिथून एका दिवसात जमतात.

रिकामी बाटली पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा पडते, म्हणून तिला वजन द्यावं लागतं. बहुतेक जण पाणी भरतात. मी भरत नाही. झाकण सैल होतं, पाणी सांडतं, आणि ओल्या फरशीवर पळणारं पोर घसरतं. त्याऐवजी भरड मीठ घाला, बाटलीमागे दोनशे ग्रॅम. तीस बाटल्यांना सहा किलो झालं, फार महाग पडत नाही, आणि नंतर फरशी पुसायच्या पाण्यात वापरता येतं. मीठ तळाशी बसतं, त्यामुळे बाटली नीट उभी राहते पण चेंडू लागला की आडवी होते. अर्धी बाटली भरण्याचा मोह टाळा. मग ती जड होते, चेंडू तिला लागून बाजूला जातो आणि लहान मुलांच्या एक-दोनच पडतात. चेंडूचं वजन पिनच्या साधारण दुप्पट असावं, हे प्रमाण लक्षात ठेवा.

चेंडूसाठी दुकानात जायची गरज नाही. कोल्हापुरात ज्या घरात पोर आहे त्या घरात फुटबॉल असतोच. पाच नंबरच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, आणि बोलिंगच्या खऱ्या चेंडूचा घेरही साडेअडुसष्टच्या आसपास. म्हणजे आकारात तो अगदी बरोबर बसतो, फक्त वजन सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम, पायावर पडला तरी इजा नाही. मोठ्यांना पाच नंबर, चार-पाच वर्षांच्यांना तीन नंबर. त्यांच्या पाळीपुरत्या पुढच्या तीन पिना लावल्या तरी चालतं. फुटबॉलमधली हवा थोडी कमी करा. टणक भरलेला बॉल उसळतो आणि पिनांवरून उडून जातो.

फुटबॉल दिला की एक होणारच: पोरं पायानं मारणार. ती त्यांची चूक नाही, इथं चालायला लागल्यापासून पायात बॉल असतो. सुरुवातीलाच सांगा, ‘आत्ता हातानं, शेवटी पेनल्टी राउंड आहे, तेव्हा लाथ.’ मग ती ऐकतात, कारण पुढं काहीतरी राखून ठेवलेलं आहे हे त्यांना कळतं.

पिनांच्या जागा आखणं हे पार्टीच्या आदल्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम. दहा पिना त्रिकोणात लागतात: एक, मागं दोन, मग तीन, मग चार. खऱ्या लेनवर दोन पिनांच्या मध्यांत १२ इंचांचं अंतर असतं. आपल्या बाटल्या लहान, म्हणून एक वीत, म्हणजे वीस सेंटिमीटर धरा. दोन ओळींमधलं अंतर सतरा सेंटिमीटरच्या थोडं वर येतं. अंतर याहून जास्त केलंत तर पडणारी बाटली शेजारच्या बाटलीपर्यंत पोचत नाही, आणि धडाधड पाडण्याची मजाच जाते. वर्तमानपत्राच्या मोठ्या कागदावर एकदा नीट आखून दहा भोकं पाडा, तो कागद तिन्ही ठिकाणी ठेवून खडूनं टिंबं करा आणि टिंबांवर गोल स्टिकर लावा. स्टिकर असले की सहा वर्षांचं पोरही वीस सेकंदांत पिना लावतं. नसले की दरवेळी ‘ही पुढं घे, ती मागं’ सुरू, आणि वाचवलेला सगळा वेळ तिथं जातो.

लेनची रुंदी एक मीटर ठेवा, खरी लेनही जवळपास तेवढीच असते. लांबी मात्र खऱ्यासारखी नको. तिथं रेषेपासून पहिली पिन ६० फूट म्हणजे अठरा मीटरवर असते. आपल्याला पाच मीटर खूप झाले. एकाच लेनवर तीन रेषा वेगवेगळ्या रंगांच्या टेपनं मारा: अडीच मीटरवर चार-पाच वर्षांच्यांसाठी, चार मीटरवर सहा ते आठ वर्षांच्यांसाठी, पाच मीटरवर त्याहून मोठ्यांसाठी. वयात एवढा फरक असलेली मुलं एकत्र खेळू शकतात ती या तीन रेषांमुळेच. रंग आधी सांगितलेला असला की लहानाला पुढून टाकू दिलं म्हणून कोणी कुरकुरत नाही.

पार्किंगला बहुधा पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, डोळ्यांना दिसत नाही. आदल्या दिवशी फुटबॉल जमिनीवर ठेवून सोडा, कुठं जातो बघा. लेन उताराला आडवी आखलीत तर प्रत्येक चेंडू एकाच बाजूला वाहत जाईल. उताराच्या रेषेतच आखा आणि पिना चढाच्या टोकाला ठेवा. चुकलेला चेंडू आपोआप परत येतो, आणि तो फाटकातून रस्त्यावर जाण्याची भीतीही राहत नाही. तीन लेन आणि मधल्या मोकळ्या जागा मिळून पाच-सहा मीटर रुंदी लागते, म्हणजे तीन गाड्यांची जागा. लांबीत मागं गादी आणि पुढं ओळ धरून नऊ मीटर. समोरचा येण्या-जाण्याचा पट्टा धरला की बहुतेक पार्किंगमध्ये बसतं. सोसायटीतल्यांना दोन दिवस आधी भेटून गाड्या हलवायची विनंती करा आणि त्यांच्या पोरांनाही बोलवा.

मांडववाल्याकडून सहा लोड आणि तीन गाद्या भाड्यानं आणा. गादी पिनांच्या मागं भिंतीला उभी, म्हणजे चेंडू थांबतो आणि आवाजही कमी होतो. प्रत्येक लेनच्या दोन्ही कडांना एकेक लोड पिनांच्या अलीकडं आडवा ठेवला की कडेला जाणारा चेंडू आत वळतो. गेम झोनमध्ये लहान मुलांसाठी लेनच्या कडेच्या नाल्यांवर आडवे कठडे येतात, तेच काम लोड करतात. मोठ्या मुलांनी मागितलं तर त्यांच्या पाळीला काढून घ्या. कठड्याशिवाय खेळणं हा त्यांचा मान असतो.

चार-पाच वर्षांच्या मुलांना एका हातानं टाकायला शिकवत बसू नका. पाय फाकवून उभं राहायचं, चेंडू दोन्ही हातांनी पायांच्या मध्ये धरायचा, वाकून ढकलायचा. ‘फेकू नको, ढकल’ एवढे तीन शब्द पुरतात. त्यांचा चेंडू इतका हळू जातो की सगळी पोरं तोंडानं त्याला ढकलायला लागतात: “जा, जा, जा की रं!” पहिली बाटली डुगडुगते, शेजारचीला टेकते, ती तिसरीला, आणि चार बाटल्या एकापाठोपाठ हळूच आडव्या होतात. त्या वेळचा आरडाओरडा स्ट्राइकपेक्षा, म्हणजे एका चेंडूत दहाच्या दहा पाडण्यापेक्षा, मोठा असतो. चेंडू अर्ध्यातच थांबला तर पाळी परत द्यायची, वाद नाही. कोणा मुलाला हातात जोर नसेल किंवा ते चाकाच्या खुर्चीत असेल तर गुळगुळीत फळीचं एक टोक स्टुलावर ठेवून घसरण करा आणि वरून चेंडू सोडू द्या. खऱ्या लेनवरही अशी घसरण वापरतात, त्यामुळे ते मूलही तोच खेळ तितक्याच हक्कानं खेळतं.

सगळ्यांनी अनवाणी खेळायचं. फरशीवर मोजे घालून तर अजिबात नाही. चेंडू टाकणारा रेषेवर आला की पिनांकडची दोघं भिंतीच्या बाजूला. शिट्टी वाजल्याशिवाय चेंडू नाही, आणि पिना पूर्ण लागल्याशिवाय शिट्टी नाही. प्रत्येक लेनवर एक मोठं माणूस शिट्टी घेऊन उभं असावं. मामा-काकांना हे काम द्या.

टीम चिठ्ठ्या टाकून करा, पण तीन वेगळ्या डब्यांतून: लहान तिघं एकेका टीमला, बाराची दोघं दोन टीमला, आणि वाढदिवसाचा मुलगा तिसऱ्या टीमला. बाकीची दहा उरलेल्या डब्यातून. टीमची नावं पोरं स्वतःच ठेवतील. बऱ्याचदा ती पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस अशी आपल्या फुटबॉल संघांचीच निघतात. ठेवू द्या. सोळा मुलांत एक टीम सहाची आणि दोन पाचच्या होतात, म्हणून पाचच्या टीममध्ये दर फेरीला एकाला जादा पाळी. कोणाला, ते टीमनं ठरवायचं, पण दरवेळी वेगळं पोर.

गुणांचा खरा नियम असा आहे: दहा फेऱ्या, पहिल्याच चेंडूत दहाच्या दहा पडल्या तर स्ट्राइक, त्याचे दहा गुण अधिक पुढच्या दोन चेंडूंचे. दोन चेंडूंत पडल्या तर स्पेअर, दहा अधिक पुढच्या एका चेंडूचे. सलग बारा स्ट्राइक झाले तर ३००, त्याच्या वर गुणच नाहीत. आठ वर्षांच्या मुलांना ही मागची बेरीज झेपत नाही आणि फळ्यापाशी गर्दी होते. तुम्ही साधं ठेवा: जेवढ्या पिना तेवढे गुण, स्ट्राइकला पंधरा, स्पेअरला बारा. पाच फेऱ्या. गुण टीमच्या नावावर लिहा, मुलाच्या नावावर नको. फळ्यावर स्वतःच्या नावापुढं दोन-तीन-शून्य बघत उभं राहणारं पोर केक कापतानाही हसत नाही. त्या बारा वर्षांच्या दोघांना मात्र खरा नियम शिकवा आणि त्यांचा हिशेब वेगळ्या वहीत त्यांनाच ठेवू द्या. तेवढ्यानं त्यांची ‘ही लहान पोरांची पार्टी’ ही तक्रार संपते.

साडेचार सांगितलं की आपल्याकडं सव्वापाचपर्यंत माणसं येत राहतात, हे धरूनच चाला. तो पाऊण तास पिना रंगवायला वापरा. बाटल्यांना आदल्या दिवशीच पांढरा कागद गुंडाळून ठेवा. आलेल्या मुलानं एक बाटली घ्यायची, मानेपाशी लाल टेपचे दोन पट्टे मारायचे, स्केचपेननं स्वतःचं नाव आणि हवं ते चित्र. डोळे, मिशा, फेटा, काहीही. सोळा पिना मुलांच्या, चौदा साध्या. मग खेळताना ‘तुझी पडली, माझी उभी आहे’ असा एक आणखी खेळ आपोआप सुरू होतो. जाताना मीठ काढून तीच पिन, तिच्यात दोन राजगिऱ्याचे लाडू आणि एक पेन्सिल घालून घरी द्या. बाटलीचं तोंड अरुंद म्हणून मानेखाली आडवा काप देऊन परत टेप मारायचा. कात्री तुमच्या हातात असू द्या. यापेक्षा वेगळं रिटर्न गिफ्ट लागत नाही.

खाणं खेळानंतरच. तेलकट हात चेंडूला लागले की चेंडू सगळ्यांच्याच हातून निसटतो. सव्वापाच ते सव्वासहा खेळ, मग आजीच्या हातून औक्षण, मग केक. भडंग कागदी कोनात, छोटे बटाटेवडे, आणि कॉकटेल आइस्क्रीमचे कप. मिसळ नको. आपली पोरं तिखट खातात हे खरं, पण पार्किंगमध्ये बसून कट सांभाळणं पाच वर्षांच्याला जमत नाही. केक बोलिंगच्या चेंडूसारखा गोल, वर बोटांची तीन भोकं. काळं क्रीम सांगू नका. सगळ्यांचे दात-ओठ काळे होतात आणि फोटो बिघडतात. चॉकलेटी किंवा गडद निळा सांगा. अर्धगोल भांडं केकवालीकडं असेलच असं नाही, म्हणून चार-पाच दिवस आधी बोला. जुलैअखेरीला काही वर्षी श्रावण लागलेला असतो, शिवाय सोळांत अंडं न खाणारं कोणीतरी असतंच. सरळ एगलेस करा.

पावसाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण तुमची तारीख अवघड आहे. २०२१ चा महापूर जुलैच्या त्याच दिवसांतला, २०१९ चा ऑगस्टच्या सुरुवातीचा. राजारामपुरी उंचावर आहे, पण पाहुणे आणि वर्गातली मुलं कुठून येणार ते बघा. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की नदीपलीकडच्या आणि सखल भागातल्या पालकांना स्वतःहून फोन करून ‘नाही आलात तरी चालेल, पिन राखून ठेवते’ म्हणा. पार्किंगमध्ये पावसाची झड येत असेल त्या बाजूला ताडपत्री बांधून घ्या आणि चार कोरडे पोछे हाताशी ठेवा.

आणि तरीही मुलानं गेम झोनचाच हट्ट धरला, तर पैसे भरण्याआधी जाऊन बघा. लेन पूर्ण लांबीची आहे का छोटी, कडेचे कठडे वर येतात का, सहा पौंडांचा म्हणजे पावणेतीन किलोचा चेंडू आहे का. चेंडू मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा फार जड नसावा, म्हणजे पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलोच्या आसपास. चार वर्षांच्यांना तोही जड, त्यांच्यासाठी घसरण लागेल. लेनमागे सहा मुलं धरलीत तर एका गेमला तास जातो, तेव्हा दर तासावर आहे की गेमवर ते विचारा. बूट तिथं लहान मापाचे मिळतात का, मोजे घरून न्यायचे का, बाहेरचा केक चालतो का, हेही. सोळा मुलांना तिथंही तीन लेन लागतात, आणि रविवारी संध्याकाळी तिन्ही शेजारी-शेजारी मिळत असतील तरच हो म्हणा.

तुमच्या पार्किंगकडं परत येते. पावणेसातला खाणं आटोपलं की पालक न्यायला यायला लागतात आणि पोरं निघायला तयार नसतात. पेनल्टी राउंड तेव्हाच ठेवा. मधली एकच लेन, लोड काढून टाकायचे, बॉलमध्ये हवा भरून घ्यायची, पाच मीटरच्या रेषेवरून लाथ. पालकांनाही एकेक मारू द्या. वडील मंडळी बूट काढून उभी राहतात. ढगाळ जुलैत त्या वेळेला पार्किंगमध्ये पिना दिसत नाहीत, म्हणून मागच्या भिंतीजवळ एक जादा बल्ब दुपारीच ओढून ठेवा, आणि त्याची वायर लेनवरून नको, भिंतीच्या कडेनं, टेप मारून.